शंभर टक्के सख्ख्या बहिणी

१

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या प्रयोगशाळेत एक चमत्कार झाला. सहा वर्षांच्या अंतरानं जन्मलेल्या दोन बहिणी, एक एकशे सहा वर्षांची आणि दुसरी शंभराची, बसल्या जागी जुळ्या झाल्या.

चमत्कार झाला की लोक हात जोडतात. आमच्या डॉक्टरबाई डोकं धरून बसतात.

"मामा, वर या," त्यांचा फोन आला. "आणि येताना दार लावून घ्या."

मी या प्रयोगशाळेचा स्टोअरकीपर. नळ्या, हातमोजे, कापूस, लेबलं, सगळं माझ्या कपाटांत. बत्तीस वर्षं मी वस्तू बाहेर देतोय आणि परत आल्या की नाही ते बघतोय, म्हणून सगळे मला मामा म्हणतात आणि चार हात लांब राहतात. शास्त्रातलं मला फार कळत नाही. पण हरवलेल्या सूक्ष्मदर्शकाचा छडा मीच लावला होता. साहेबांच्या केबिनचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो तिथं टेकवून ठेवलेला होता. तेव्हापासून काही गायब झालं, बिघडलं, घोटाळलं, की आधी मला बोलावतात.

वर गेलो तर डॉक्टरबाई टेबलामागे आणि चिमणी कोपऱ्यात. चिमणी म्हणजे आमची नमुने गोळा करणारी तंत्रज्ञ. चणीनं एवढीशी आणि बोलायला लागली की थांबत नाही, म्हणून हे नाव. त्या दिवशी मात्र ती गप्प होती आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"मामा, आपण इथं काय शोधतो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"शंभरी गाठणारी घराणी."

"बरोबर. ऐंशीपर्यंत माणूस सवयींवर जगतो, शंभरीपुढे घराण्याच्या देणगीवर, असं माझं अनुमान आहे. ती देणगी जनुकांत कुठं लपलीय ते शोधायला लाळ घेतो. या तीन भावंडांचं घर म्हणजे माझ्या अभ्यासाचं नाक. एकशे सहा, शंभर आणि चौऱ्याण्णव! आता हे बघा." त्यांनी दोन कागद माझ्यापुढे सरकवले. "सख्ख्या भावंडांचं साधारण निम्मं जुळतं. शंभरातलं शंभर जुळतं ते फक्त एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांचं. या दोन बहिणींच्या नळ्या शंभर टक्के जुळतात."

"म्हणजे दोन्ही नळ्यांत एकीचीच लाळ," मी म्हटलं.

"एवढं मलाही कळलं. कशी गेली, ते तुम्ही सांगा. इथं मिसळली असेल तर चिमणीनं दोन वर्षांत गोळा केलेले दोनशे बारा नमुने केरात. सोमवारी काम तपासायला समिती येतेय. समितीपुढे मला कुणाचं तरी नाव घ्यावं लागेल."

कोपऱ्यातून हुंदका आला. नाव कुणाचं ते तिलाही कळलं होतं.

२

चिमणीला मी खाली स्टोअरमध्ये आणलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"आता खरं सांग. काय लपवतेयस?"

"काहीच नाही, मामा!"

"तुला त्या घरासाठी मी नळ्यांचे तीन संच दिले होते. आणि तुझ्या बॅगेतला जादाचा एक परत आलेला नाही. मी विचारणारच होतो."

तिनं मान खाली घातली. मग नळ फुटल्यासारखी बोलायला लागली. तीन आठवड्यांपूर्वी, सोमवारी, ती त्या घरी गेली. तिन्ही नळ्यांवर नंबराची लेबलं लावून दिली. धाकट्या भावानं पाच मिनिटांत नळी भरली. मधल्या बहिणीनं, माईंनी, दहा मिनिटांत. थोरल्या आक्कांच्या तोंडाला कोरड, त्यांना थेंबही सुटेना. त्या नळी घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि थोड्या वेळानं आतूनच म्हणाल्या, "अगं, पडली हातातून! सांडली."

"मग तू?"

"जादाचा संच दिला. म्हटलं, सांडलेल्या नळीवरचं लेबल काढून यावर लावा. सावकाश भरा, तिन्ही नळ्या परवा एकदम पाठवा. नियमानं मी थांबायला हवं होतं ना, मामा? पण एकशे सहा वर्षांच्या बाईला 'लवकर थुंका' कसं म्हणू?"

हे मलाही पटलं. "सांडलेली नळी तू पाहिलीस?"

"नाही. केरात टाकली म्हणाल्या."

तिन्ही नळ्या मी शीतकपाटातून काढून उजेडात धरल्या. भावाच्या नळीवरचं लेबल तिरपं. आक्कांचं तिरपं. चिमणीचं लेबल म्हणजे दारू प्यायलेल्या माणसानं लावलेली पाटी. यावरून आमची रोज वादावादी होते. माईंच्या नळीवरचं मात्र पट्टीनं मापून लावल्यासारखं सरळ.

"एक तरी नीट लावलंस," मी म्हटलं.

ती रडतारडता हसली. तेवढ्यावर मी खूश झालो आणि समोर आलेला पुरावा परत कपाटात ठेवून दिला. बत्तीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

संमतीचे फॉर्मही पाहिले. तिघांच्या सह्या. खाली एक चौकट असते: 'निकाल मला कळवू नये.' आक्कांनी ती मोकळी सोडली होती, भावानंही. माईंनी मात्र तिथं ठसठशीत खूण केली होती.

३

त्या घराचं फाटक उघडलं तेव्हा एक म्हातारा ओट्यावर भिंग डोळ्याला लावून घड्याळ दुरुस्त करत होता.

"काका, घरात कोण मोठं माणूस आहे का?"

"आहेत ना, दोन," तो म्हणाला. "मी लहान. मला बाळ म्हणतात."

चौऱ्याण्णव वर्षांचा बाळ! त्याला मी नळ्यांबद्दल विचारलं. बुधवारी तोच खोका घेऊन प्रयोगशाळेत आला होता.

"सरळ आलात?"

त्यानं आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोस्ताकडे पत्त्यांचा एक डाव टाकला. एक म्हणता म्हणता दोन तास गेले. खोका खुर्चीखाली होता. आक्काला सांगू नका, रागावते."

माझे कान टवकारले. दोन तास खोका परक्या घरात! "तिथं कोण कोण होतं?"

"आम्ही दोघंच. दोस्ताला डोळ्यांनी दिसत नाही. त्याचे पत्तेही मीच वाचतो, म्हणून तर जिंकतो." तो मनापासून हसला. "साहेब, खोक्यात काय बघायचंय? लांब आयुष्य आमच्या रक्तातच आहे. बाप नव्याण्णवाला गेला, तोही शिडीवरून पडून."

आत गेलो. माझ्यासारख्या माणसाला स्वर्ग वाटावा अशी ती खोली होती. फळीवर डबे ओळीनं, प्रत्येकावर कागदाची पट्टी, एकही रेष वाकडी नाही. आक्का खुर्चीत ताठ बसल्या होत्या, शेजारी पाण्याचा पेला. साठ वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात काम केलेली बाई. दर दोन वाक्यांनंतर घोटभर पाणी.

"नळी मीच भरली," त्या म्हणाल्या. "माझ्या नळीत माझी, तिच्या नळीत तिची. अजून काय?"

"मी तर लगेच भरली," माई म्हणाल्या. माई गोल, गुटगुटीत आणि सगळ्या जगाची चौकशी करणाऱ्या. पाच मिनिटांत त्यांनी माझं वय, माझी मुलं आणि माझी पाठदुखी काढून घेतली. "हिचंच अवघड झालं. दोन दिवस मी हिच्यापुढे लिंबू चिरत बसले होते. एक फोड चिरायची, हिनं बघायची, तोंडाला पाणी सुटलं की एक थेंब. पाच लिंबं संपली! त्या पाठीला शेक देता का हो? मी चाळीस वर्षं दवाखान्यात नर्स होते. निम्म्या शहराला मी टोचलंय."

"माई, त्यांना काम करू दे," आक्का म्हणाल्या.

मी घसा साफ केला. "थोडा घोटाळा झालाय. दोघींनी पुन्हा एकदा नळी भरून दिलीत तर—"

"मी देईन. कितीही वेळ लागू दे," आक्का झटकन म्हणाल्या. "पण माईला नाही जमणार. तिला सर्दी झालीय."

माईंनी आक्कांकडे पाहिलं. मग अगदी आज्ञाधारकपणे एक शिंक काढली.

४

परत येताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो.

"सुटलं कोडं. थोरलीच्या तोंडाला कोरड. पहिली नळी पडली, दुसरी भरेना. धाकट्या बहिणीला दया आली. तिनं आपली लाळ आक्कांच्या नळीतही भरली. आता दोघी लपवतायत. चिमणी निर्दोष!"

"दोन्ही नळ्यांत माई?" डॉक्टरबाई उजळल्या. "हे तपासता येईल. दोन वर्षांपूर्वी आपली माणसं त्या घरी पहिल्यांदा गेली, तेव्हा आक्कांच्या रक्ताचा थेंब कागदावर घेतला होता. तो जपून ठेवलाय. नळ्यांशी जुळला नाही, तर तुमचं खरं."

"आणि माईंच्या रक्ताचा?"

त्यांनी जुनी वही चाळली. "भावाचा आहे. माईंचा नाही. इथं लिहिलंय: मधली बहीण सुईला घाबरते, असं थोरल्या बहिणीनं सांगितलं. म्हणून घेतला नाही."

त्या संध्याकाळी मी चिमणीला म्हटलं, आता निवांत झोप. मीही झोपलो. शुक्रवारी दुपारी डॉक्टरबाई स्वतः खाली स्टोअरमध्ये आल्या. त्या कधी खाली येत नाहीत.

"मामा, रक्त जुळलं."

"म्हणजे?"

"दोन्ही नळ्या आक्कांच्या आहेत. माईंची लाळ एकाही नळीत नाही."

कोरड्या विहिरीनं दोन घागरी भरल्या होत्या, आणि तुडुंब विहिरीनं एकही नाही. लोक इतकी वर्षं मला नुसती हाक म्हणून मामा म्हणत होते. त्या दोन म्हाताऱ्यांनी मला खरोखरचा मामा बनवला होता.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता. दारात चिमणी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ती आपल्या टेबलावरच्या वस्तू पिशवीत भरायला निघून गेली.

५

मी कपाट उघडलं, तिन्ही नळ्या पुन्हा टेबलावर मांडल्या आणि समोर बसलो. तिरपं, तिरपं, सरळ.

आणि मग मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

चिमणीच्या हातून सरळ लेबल? दोन वर्षांत कधी लागलं नाही, ते त्याच दिवशी कसं लागेल? सांडलेल्या नळीचं लेबल काढून नव्या नळीवर लावा, असं तिनं आक्कांना सांगितलं होतं. तसं झालं असतं, तर आक्कांचं लेबल सरळ असायला हवं होतं, कारण त्या घरात वाकडं काही चिकटतच नाही. पण आक्कांचं लेबल होतं तसंच तिरपं. म्हणजे ते कुणी काढलंच नव्हतं, आणि नळी पडलीच नव्हती. लेबल काढून लावलं होतं ते माईंच्या नळीचं.

मग ती सुई आठवली. निम्म्या शहराला टोचणारी नर्स सुईला घाबरते? आधी रक्त नको, मग लाळ नको, मग सर्दी. आक्का काहीतरी मिळवत नव्हत्या, काहीतरी अडवत होत्या.

शनिवारी सकाळी गेलो. बाळ पत्ते खेळायला गेला होता. माई स्वयंपाकघरात चहा करत होत्या. मी आक्कांजवळ खुर्ची ओढली आणि हळू आवाजात म्हटलं, "आक्का, तुमची नळी पडलीच नव्हती."

त्या घोटभर पाणी प्यायल्या. "कशावरून?"

"लेबल फार सरळ लावलंत."

त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं. "साठ वर्षं पुस्तकं बांधली. वाकडं लावायला हातच वळत नाही."

"माईंनी भरलेली नळी तुम्ही बाजूला काढली. तिचं लेबल जादाच्या नळीवर लावलं, आणि दोन्ही नळ्या स्वतः भरल्या. पाच लिंबं लागली ती म्हणून. का, ते मात्र मला माहीत नाही. आणि तुम्ही नाही सांगितलंत तर सोमवारी त्या चिमणीची नोकरी जाईल. ती परवापासून रडतेय."

"ती छोटी?" आक्का दचकल्या. "तिचा काय संबंध? तिनं तर माझ्यासाठी जादाची नळी दिली!"

"म्हणूनच."

स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता. आक्कांनी तिकडे कान दिला आणि बोलायला लागल्या. मध्ये एकदाही त्यांनी पाणी मागितलं नाही.

"मी सहा वर्षांची होते. आईला दवाखान्यात नेलं. तिला मुलगी झाली ती गेलेलीच. पलीकडच्या खाटेवर एक बाई होती, ती बाळंतपणात गेली, तिची मुलगी मात्र राहिली. तिला न्यायला कुणी आलं नाही. सुईणीनं ती आईच्या मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी गेले, तर आई म्हणाली, ही तुझी बहीण. आणि हे कधी कुणाला सांगायचं नाही, तिला तर नाहीच. मी म्हटलं, बरं."

"आणि मग?"

"मग काय? शंभर वर्षं झाली त्याला. बाळालासुद्धा ठाऊक नाही. तुमची माणसं रक्त मागत आली तेव्हा माझी झोप उडाली. सुईचं काहीतरी सांगून निभावलं. मग लाळ! आम्ही नको म्हटलं असतं, तर माईनं शंभर प्रश्न विचारले असते. म्हटलं, सख्ख्या बहिणी म्हणजे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती. आतला मजकूर एकच. दोन्ही नळ्यांत माझंच गेलं की कागदोपत्री झाल्या सख्ख्या."

"आक्का, सख्ख्या बहिणींचं निम्मंच जुळतं."

"निम्मंच?" त्यांचा चेहरा उतरला. "एवढं कमी?"

सख्खेपणाचं माप त्यांनी आपल्या मनाजोगं घेतलं होतं, आणि ते विज्ञानाच्या मापापेक्षा बरोबर दुप्पट निघालं होतं. त्यामुळेच त्या पकडल्या गेल्या.

"तुमच्या बाईंना सांगा," शेवटी त्या म्हणाल्या. "त्या पोरीचं नाव स्वच्छ करा. माझी सही लागली तर देते. पण माईला कळता कामा नये. या वयात तिला एकटं वाटायला नको. एवढं एक मला नीट शेवटाला नेऊ द्या."

"नाही कळणार. आणि माईंची खरी नळी?"

"टाकून दिली," आक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या.

तेवढ्यात माई चहा घेऊन आल्या. "काय गुलुगुलु चाललंय?" त्यांनी विचारलं.

"पाठीचं दुखणं," मी म्हटलं.

६

फाटकाशी पोचलो तर मागून पावलं वाजली. शंभर वर्षांची बाई माझ्यापेक्षा भराभर चालत होती. माईंच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती.

"हे घ्या," त्या म्हणाल्या.

मी रुमाल उघडला. आत नळी. भरलेली, झाकण घट्ट, वर लेबल नाही. झाकणातल्या औषधामुळे लाळ वर्षभर टिकते.

"ही कुठं होती?"

"आक्काच्या बटणांच्या डब्यात. तिला टाकवली नाही. माझी वस्तू तिच्यानं कधीच टाकवत नाही. तीन आठवडे रोज एक बटण तुटल्याचं सांगून बघून येतेय, आहे ना जागेवर."

मी फाटक धरून उभा राहिलो. "माई, तुम्हाला..."

"नर्सिंग शिकताना आम्ही एकमेकींचे रक्तगट तपासले. माझा बी. दोन वर्षांनी आईचं ऑपरेशन झालं. रक्ताची सोय मीच केली. आई ओ. वडीलही ओ. दोन ओ गटांच्या पोटी बी गटाचं मूल होत नाही, हे तिथं पहिल्या वर्षाला शिकवतात. त्या रात्री रडले मी खूप. सकाळी घरी आले, तर आक्का माझ्या वह्या बांधत बसली होती, कोपरे दुमडू नयेत म्हणून. म्हटलं, जाऊ दे तो रक्तगट."

"आक्कांना कधी बोलला नाहीत?"

"तिनं एवढ्या जिवानं जपलंय, ते मी कशाला मोडू? ती दोन नळ्या भरायला बसली, तेव्हाच मला कळलं काय चाललंय. एका नळीला कधी पाच लिंबं लागतात? पण मी एक शब्द विचारला नाही. मुकाट्यानं चिरत राहिले. सगळ्या जगाची चौकशी करते मी, फक्त तिचीच करत नाही."

आता मला ती चौकटीतली ठसठशीत खूणही कळली, आणि ती शिंकही.

"नळ्या एकसारख्या निघतील आणि घोटाळा होईल, हे मला माहीत होतं हो," त्या ओशाळून म्हणाल्या. "पण त्या छोटीवर येईल असं वाटलं नव्हतं. दाराआड उभी राहून ऐकलं आत्ता. ही नळी न्या, बाईंना खरं सांगा, माझी संमती आहे. फक्त आक्काला कळू देऊ नका, की मला माहीत आहे. वचन द्या."

आतल्या बाईला मी वचन दिलं होतं की बाहेरच्या बाईला सांगणार नाही. आता बाहेरच्या बाईला दिलं की आतल्या बाईला सांगणार नाही. बत्तीस वर्षांत एवढं सोपं काम मला कुणी दिलं नव्हतं.

"माईऽऽ!" आतून आक्कांची हाक आली. "वारं आहे बाहेर! सर्दी झालीय ना तुला?"

"आले गं!" माई म्हणाल्या आणि जाताजाता एक मोठी शिंक देऊन गेल्या.

सोमवारी समितीपुढे डॉक्टरबाईंनी सांगितलं की घोटाळा प्रयोगशाळेत झालेला नाही, घरी नळ्यांची अदलाबदल झाली, आणि योग्य नमुना मिळाला आहे. दोनशे बारा नमुने वाचले. चिमणीनं पिशवीतल्या वस्तू परत टेबलावर मांडल्या आणि दुपारपर्यंत तिची बडबड तीनही मजल्यांवर ऐकू यायला लागली. मी तिला नवीन नियम घालून दिला: लेबल तिरपंच लावायचं. सरळ दिसलं की मला हाक मारायची.

महिन्याभरानं डॉक्टरबाई पुन्हा खाली आल्या. हातात तीन कागद होते. त्या स्टुलावर बसल्या आणि कागद माझ्या टेबलावर पसरले.

"आक्का आणि बाळ, दोघांत ती लांब आयुष्याची देणगी सापडली. अगदी माझ्या अनुमानासारखी. माईंमध्ये तिचा मागमूस नाही. उलट या जनुकांवर माणूस सत्तरी गाठतो, फार फार तर पंचाहत्तरी." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग मामा, वरची पंचवीस वर्षं या बाईला दिली कुणी?"

"आक्कांनी," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग पेन काढलं, माईंच्या कागदावर 'कुटुंबाशी नातं' हा रकाना मोकळा होता, तिथं लिहिलं: 'सख्खी बहीण'. आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हे समितीला पटणार नाही. तुमच्या कपाटात ठेवा."